बाहेरचा डोळा

धंतोलीतल्या ज्या दोन खोल्यांत इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे काम चालत असे, तिथे 'एल' या अक्षराची लाकडी पेटी दोन वर्षांहून अधिक काळ उघडीच राहिली होती. बाकीची अक्षरे पुढे सरकली. एम संपले, एन आणि ओ संपले, पी अर्ध्यावर आले. एलच्या पेटीत मात्र एक कार्ड आडवे ठेवलेले होते, आणि त्या एका कार्डापायी पेटीचे झाकण बसत नव्हते.

कार्डावरचा शब्द होता 'लाइफलाइक'. अक्षर गार्गीचे, उजवीकडे कललेले, नेहमी कुठेतरी पोहोचायची घाई असल्यासारखे. अर्थाच्या जागी तिने आधी 'हुबेहूब' लिहून खोडले होते, कारण सहीसुद्धा हुबेहूब असू शकते. मग 'जिवंत' लिहून तेही खोडले होते. शेवटी लिहिले होते : 'जिवंत वाटणारे, चित्र, पुतळा, बाहुली यांविषयी.' आणि त्याखाली, बारीक अक्षरात, 'जिवंत माणसाला हा शब्द लावत नाहीत.' त्यापुढची ओळ कोरी होती. ती वापराच्या वाक्यासाठी असते.

या कार्यालयाचा एक नेम होता. मनाने रचलेले वाक्य तिथे चालत नसे. वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकलेले असावे किंवा कुठेतरी छापलेले, आणि ते कुणाकडून, कुठे, कधी मिळाले याचा आधार कार्डाच्या पाठीवर लिहायचा. कार्डाची पाठ कोशात छापली जात नाही. ती फक्त काम करणाऱ्यांसाठी. एकाने कार्ड करायचे, दुसऱ्याने तपासून कोपऱ्यात सही करायची. चार वर्षे गार्गी कार्डे करीत होती आणि तिच्या डाव्या हाताला बसणारा उन्मेष ती तपाशीत होता.

"ऐकलंच नाही रे अजून कुणाच्या तोंडून," ती म्हणाली होती. "नागपुरात कोण कशाला म्हणेल लाइफलाइक? पण थांबू. कुणीतरी म्हणेलच."

तो शनिवार होता. त्या दिवशी तिला कणकण होती म्हणून ती चारलाच घरी गेली. डेंग्यू निघाला. बुधवारी ती नव्हती.

"उन्मेष, त्या एका कार्डाचं काय ते कर रे बाबा," मुख्य संपादक शोभाताई अधूनमधून म्हणत. "झाकण लागत नाही, परवा पाल निघाली आतून." त्या हसत, पण स्वतः कार्डाला हात लावीत नसत. उन्मेषही लावीत नसे. कार्ड पुरे झाले की गार्गीचे या जगातले शेवटचे अर्धवट काम पुरे झाले असते, आणि तेवढे धैर्य त्याच्यापाशी नव्हते. तसे धैर्य त्याच्यापाशी कधीच नव्हते. ती जिवंत असतानाही नव्हते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गार्गीच्या वडिलांचा फोन आला. शरच्चंद्रकाका भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले होते. उभा जन्म शेतांच्या हद्दी मोजण्यात गेलेला माणूस, बोलणेही मोजून.

"उन्मेष, एक काम आहे. आम्ही गार्गीचा पुतळा करून घेतोय. सिलिकॉनचा. बसलेला, अगदी तिच्या उंचीचा. तू हसशील."

"नाही काका."

"लोक हसतील म्हणते तुझी काकू. हसू देत. पुतळा झालाय, पण तो कारागीर अडून बसलाय. बाहेरच्या माणसानं पाहून बरोबर म्हटल्याशिवाय तो देतच नाही. घरच्यांचं मत चालत नाही म्हणे. मी म्हटलं, आहे आमच्याकडे माणूस. रोज आठ तास शेजारी बसायचा. तुझ्याइतकं तिला कुणी पाहिलंय, सांग?"

त्यांनी हा प्रश्न अगदी भाबडेपणाने विचारला होता. उन्मेषला मात्र आपली चार वर्षांची चोरी कुणीतरी भर चौकात वाचून दाखवल्यासारखे झाले.

गांधीबागेत, लुगड्या-साड्यांच्या ठोक दुकानांच्या मागे एका माडीवर बाबनरावांचा कारखाना होता. दुकानांच्या काचेआड साड्या नेसून उभ्या असतात त्या बाहुल्या ते तीस वर्षे करीत आले होते. वाडवडील उमरेडचे विणकर. माग गेले, हात राहिले. चारेक वर्षांपूर्वी त्यांनी माणसांचे पुतळे करायला घेतले, गेलेल्या माणसांचे.

"या भाऊ, पायरी पाहून. वरून तिसरी दगा देते," बाबनराव वरून ओरडले. "साहेबायनं पाठवलं ना तुमाले? बसा. चहा घ्या आधी. आल्याआल्या पाहून घेऊ नका, डोळा उन्हाचा आहे अजून."

जिन्यावर हातपाय नसलेल्या बाहुल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. खोलीच्या टोकाला, खिडकीकडे पाठ करून, खुर्चीत कुणीतरी बसले होते. अंगावरून पांढरी चादर. फक्त कपाळ उघडे होते, आणि बाबनरावांची बायको चंद्रकला त्यावर वाकून बारीक सुईने भुवईत एकेक केस रोवीत होती.

"सहा महिने झाले हिचे केस रोवून राहिली," बाबनराव म्हणाले. "पहिले मागाच्या फणीतून धागे ओवायची. आता हे."

"फणीतला धागा तुटला तर सांधता येत होता," चंद्रकला मान वर न करता म्हणाली. "इथं नाही सांधता येत. एक केस वाकडा गेला की बाई रागावल्यासारखी दिसते."

उन्मेषने चहाचा कप हातात धरून विचारले, "बाहेरचा माणूस कशाला लागतो तुम्हाला?"

"अनुभव, गा." बाबनराव खाली मांडी घालून बसले. "पहिला पुतळा केला तो एका म्हाताऱ्याचा. पोरं आली, सुना आल्या, साऱ्यायनं पाहिला, रडले, पाया पडले. घरी नेला. तिसऱ्या दिवशी दूधवाला आला आणि दारातून म्हणे, हे पाहुणे कोण हो? झालं! त्या दिवसापासून घरात कोणाले तो बाप दिसेना. घरच्यायचा डोळा मायेचा राहते. त्याले जे पाहिजे तेच दिसते. म्हणून मी बाहेरचा डोळा बोलावतो. त्यानं बरोबर म्हटलं की बरोबर." त्यांनी बोट वर केले. "एक सांगून ठेवतो. 'चालते' म्हणू नका. 'चालते' म्हटल्यावर मी देत नसतो."

चंद्रकलेने सुई खोचून ठेवली, हात पुसले आणि चादर काढली.

निळा कुर्ता त्याच्या ओळखीचा होता. बाहीवरचा शाईचा डाग त्याच्या पेनाचा होता. हात मांडीवर, एकावर एक. उजव्या मधल्या बोटावर लिहून लिहून पडलेला घट्टासुद्धा होता. आणि चेहरा. आता ही म्हणणार, काय रे, काय पाहतोस? ओठांचा एक कोपरा तसाच, हसू येण्याआधी उचलायचा तसा उचललेला.

तो कितीतरी वेळ पाहत राहिला. आणि मग हळूहळू काहीतरी खुपू लागले. तपासणीत कधी कधी असे होते की प्रत्येक अक्षर जागच्या जागी असते, तरी शब्द परका वाटतो. डोळे तिचे होते. हनुवटी तिची होती. सगळे तिचे होते, आणि ही कुणीतरी तिची बहीण होती.

काही न सुचून त्याने भिंतीजवळचे स्टूल ओढले आणि सवयीने तिच्या डाव्या हाताला जाऊन बसला. चार वर्षे जिथून पाहिले, तिथून पाहिले.

डावा गाल कोरा होता.

त्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापासून बोटभर वर, एक तीळ होता. ती हसली की खळीच्या काठाशी लपायचा आणि हसू ओसरले की परत यायचा. ती कार्डावर वाकलेली असताना, त्याच्याकडे तिचे लक्ष नसताना, उन्मेषने त्या तिळाखेरीज दुसरे काही फारसे पाहिलेच नव्हते.

"तीळ?" त्याने विचारले.

"आहे ना तीळ," चंद्रकला म्हणाली. "तुम्ही त्या बाजूनं बसले. इकडून पाहा."

तो उजव्या गालावर होता.

"फोटो दाखवता?"

भिंतीवर मोठा करून लावलेला होता. गार्गीने स्वतःच, हात लांब करून, फोनवर काढलेला. शेजारी शरच्चंद्रकाकांनी आलेखाच्या कागदावर काढलेला तिच्या चेहऱ्याचा नकाशा होता. कपाळ, नाक, हनुवटी, सगळी अंतरे मिलिमीटरमध्ये, खाली तारीख आणि सही. उन्मेषने नकाशा पाहिला नाही. तो फोटोतल्या तिच्या खांद्यामागे पाहत होता. तिथे कार्यालयाच्या भिंतीवरचे कॅलेंडर अर्धवट दिसत होते, आणि त्यावरचे आकडे उलटे होते. तिच्या फोनमध्ये स्वतःचा फोटो काढला की तो आरशासारखा उमटायचा. डावे उजवीकडे.

बाबनराव उठून जवळ आले. त्यांनी आकड्यांवर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही.

"हे राम," ते हळूच म्हणाले. "मी चेहरा पाहून राहिलो होतो. मागे कोण पाहते!" मग स्वतःवरच चिडून म्हणाले, "मी साहेबायले म्हटलं होतं, दुसऱ्या कोणी काढलेला एखादा आणा. चाळीस फोटो आणले त्यायनं, सारे असेच, हात लांब करून काढलेले. ओळखपत्रावरचा होता तर त्यात नुसता पांढरा उजेड, ना तीळ ना काही. लहानपणचे आहेत म्हणे. आताचा, दुसऱ्यानं काढलेला, एक नाही. एवढ्या मोठ्या पोरीचा कोणी एक फोटो काढू नये काय हो?"

उन्मेष खाली बसला.

एका संध्याकाळी कार्यालयाबाहेरच्या कडुनिंबाखाली गार्गीने आपला फोन त्याच्या हातात दिला होता. "माझा एक फोटो काढ ना. माझ्याजवळ सगळे मीच काढलेले आहेत. हात लांबवून लांबवून दुखतो." त्याने फोन उचलला. चौकटीत ती सरळ त्याच्याकडे पाहत होती. चार वर्षांत ती अशी, थेट, काही न बोलता त्याच्याकडे कधी पाहत राहिली नव्हती. आणि ती नजर पेलण्याची त्याची ताकद नव्हती. त्याने फोन खाली केला. "उजेड बरोबर नाही," तो म्हणाला होता. "उद्या काढू." ती काही क्षण तशीच उभी राहिली होती. मग तिने फोन घेतला, "बरं," म्हणाली, आणि स्कूटी सुरू केली.

"तीळ तर मी आत्ताच्या आत्ता बदलवते," चंद्रकला म्हणत होती. "पण भांग? तो उलटा पडला. आणि हसू? ते उजवीकडून वर गेलं. साराच चेहरा फिरला, वो."

"साचाच नवा करा लागन," बाबनराव म्हणाले. "सहा महिने. आणि साहेबायले येत्या रविवारी पाहिजे, पोरीचा वाढदिवस आहे." त्यांनी उन्मेषकडे पाहिले. "भाऊ, बाहेरचा डोळा तुमचा. तुम्ही थांब म्हणाल तर सारं मोडतो आणि नव्यानं बसतो. मले जड नाही. बरोबर म्हणाल तर रविवारी पोचवतो. पण त्यायले सांगायचं ते तुम्हीच सांगा. बापाले हे सांगायची माझी जीभ नाही."

"उद्या सांगतो," उन्मेष म्हणाला. उतरताना त्याचा पाय तिसऱ्या पायरीवर पडलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मनीषनगरला गेला. सारे शब्द त्याने बसमध्ये जुळवून ठेवले होते. काका, फोटो उलटा आहे. सहा महिने थांबू. ती नीट येईल.

शरच्चंद्रकाकांनी बैठकीतल्या खिडकीजवळच्या फरशीवर खडूने चौकोन आखला होता. "ये ये. हे बघ, खुर्ची इथे. नऊला ऊन इथपर्यंत येतं, सिलिकॉनला ऊन सोसत नाही, म्हणून दीड फूट आत घेतली." दोन वर्षांत उन्मेषने त्यांना इतके बोलताना पाहिले नव्हते. दाढी केलेली, इस्तरीचा सदरा. "पाहिलास ना? काय म्हणतो तुझा डोळा?"

"काका, एक विचारायचं होतं. तो तीळ..."

"आला ना बरोबर?" ते एकदम खुलले. "मी तिथूनच सुरुवात केली! बाबनरावाला म्हटलं, तीळ म्हणजे आमच्या भाषेत हद्दीचा दगड. तो एकदा पक्का झाला की बाकी सगळं त्याच्यापासून मोजायचं. नाकपुडीपर्यंत एवढं, डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत एवढं. एक रेष चुकली नाही बघ."

रेष चुकली नव्हती. दगडच पलीकडच्या शेतात रोवलेला होता. उन्मेषने तोंड उघडले.

"खरं सांगू का तुला," काका खडूचा तुकडा बोटांत फिरवीत म्हणाले, "मी तिला फारसं पाहिलं नाही रे. महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. आलो की ती झोपलेली, निघालो की झोपलेली. नंतर तिची नोकरी. गेल्या दोन वर्षांत मात्र पाहिलं. रोज, ह्या फोनवर. आता कुणी मध्यरात्री उठवून विचारलं ना, तरी तिचा चेहरा काढून देईन कागदावर. डोळे मिटून."

"पाणी घेतो," उन्मेष म्हणाला आणि आत गेला.

सुहासिनीकाकू सांबारवड्या भरीत होत्या. लाटलेल्या पारीवर कोथिंबिरीचे सारण पसरताना त्यांचे हात थांबले नाहीत. "तुला दिसलं ना?"

"काय, काकू?"

"तीळ."

त्याने मान डोलावली.

"डाव्या गालावर होता," त्या म्हणाल्या. "जन्मली तेव्हा सुईणीने मला आधी तोच दाखवला. मला नाही का कळणार?" त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "ये इकडे."

गार्गीच्या खोलीत कपाटाच्या दाराला उभा आरसा होता. समोर एक बुटके स्टूल. काकू स्टुलाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे असे धरले की जणू मध्ये कुणी बसलेले आहे.

"अठ्ठाविसाव्या वर्षीही स्वतःची वेणी स्वतः घातली नाही बयेनं. रोज सकाळी इथे बसायची, मी मागे. तोंडाची टकळी सुरू. कोणता शब्द अडला, शोभाताई काय म्हणाल्या, सगळं. बोलायची आरशात बघून, आणि मी ऐकायची तेही आरशात बघून. बाकी दिवसभर कुठे रे समोरासमोर पाहणं होतं? डबा घे, हेल्मेट घाल, पोचलीस की फोन कर. पाठमोरीच पाहिली मी तिला दारातून." त्यांचा आवाज अजूनही सरळ होता. "ह्यांनी तो फोटो निवडला तेव्हाच मला समजलं. म्हटलं, ही तर आरशातली. माझी. आणि गप्प बसले. स्वार्थी आहे ना मी?"

"नाही, काकू."

"आहे. कारण त्या पुतळ्यात माझी ती आली, तुझी नाही आली." त्यांनी हात खाली केले. "तू तिच्या डावीकडे बसायचास. माहीत आहे मला. इथे बसूनच सांगायची. आई, उन्मेष दिवसभर शेजारी असतो आणि एकदा मान वर करून पाहत नाही. मी म्हणायची, लाजाळू असतो एखादा. एक दिवस म्हणाली, फोटो काढ म्हटलं तर उजेड बरोबर नाही म्हणे."

उन्मेषने आरशाच्या कडेला हात टेकला.

"वाट पाहिली तिने थोडी," काकू म्हणाल्या. "मग म्हणाली, जाऊ दे आई, तो शब्दांमध्येच बरा आहे."

"मी पाहत होतो, काकू." हे त्याने पहिल्यांदा कुणाला तरी सांगितले. "ती लिहीत असायची तेव्हा. रोज पाहत होतो."

"हे तिला माहीत नव्हतं रे," काकू म्हणाल्या. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. "हे तिला कुणी सांगितलंच नाही."

बैठकीतून काकांची हाक आली, "अगं, त्याला वडी दे गरम! आणि हा सांगत का नाही काही? बाबनरावाचा दोनदा फोन येऊन गेला मला." काकूंनी उन्मेषकडे पाहिले. मागितले काहीच नाही. निर्णय त्याचाच होता. थांब म्हटले असते, तर सहा महिन्यांनी खिडकीजवळ त्याची गार्गी बसली असती, डाव्या गालावर तीळ असलेली. आणि ज्या चेहऱ्याला हा बाप दोन वर्षे उराशी धरून बसला होता तो चेहरा आपल्या मुलीचा नव्हता, हे त्याला कळले असते.

वडी न खाताच तो बाहेर पडला आणि फाटकाशी उभे राहून त्याने फोन लावला.

"बरोबर आहे, बाबनराव."

"बरोबर? 'चालते' तर नाही ना, भाऊ?"

"नाही. बरोबर आहे."

"चंद्रकला म्हणून राहिली, निदान तीळ तरी..."

"तीळ जिथे आहे तिथेच राहू द्या."

"बरं, भाऊ," बाबनराव म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "तुम्ही जेवले का?"

रविवारी सकाळी चौकोनावर खुर्ची ठेवली गेली. निळा कुर्ता, हात मांडीवर. काकूंनी तिच्या केसांची वेणी घातली. मागे उभ्या राहून घालताना त्यांनी समोरच्या खिडकीच्या काचेत एकदा पाहिले, तिथे तीळ पुन्हा पलीकडच्या गालावर गेला होता, आणि लगेच नजर वळवली. काका दोन पावले मागे गेले, तीन पावले मागे गेले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"काय लाइफलाइक झालंय रे!" ते म्हणाले. "अगदी लाइफलाइक!"

उन्मेषने दचकून त्यांच्याकडे पाहिले. कुणीतरी म्हणेलच, असे ती म्हणाली होती.

"उन्मेष, आमचा एक फोटो काढ," काका म्हणाले आणि खुर्चीच्या एका बाजूला उभे राहिले. काकू दुसऱ्या बाजूला. त्याने फोन उचलला. चौकटीत ती सरळ त्याच्याकडे पाहत होती, थेट, काही न बोलता. या नजरेची त्याला भीती वाटायचे काहीच कारण उरले नव्हते. ती कितीही वेळ पाहत राहिली असती आणि तिला काहीही कळले नसते. खिडकीतून येणारा उजेड चांगला होता. उद्या काढू, असे तो म्हणाला नाही.

"बस आता," काकू म्हणाल्या, "ताट वाढते." त्याने स्टूल उचलले, सवयीने डाव्या बाजूला नेले, थांबला, आणि खुर्चीला वळसा घालून उजव्या बाजूला जाऊन बसला. तीळ तिकडे होता. त्या बाजूने तो तिच्याजवळ पहिल्यांदाच बसत होता.

सोमवारी तो कार्यालयात लवकर आला. आडवे कार्ड त्याने पेटीतून काढले. कोऱ्या ओळीवर वाक्य लिहिले, जसे ऐकले तसे. कार्ड उलटून आधार लिहिला : 'शरच्चंद्रकाका, मनीषनगर, मुलीच्या पुतळ्याविषयी, रविवार सकाळ.' मग सही करण्यापूर्वी, नेहमीसारखे, त्याने उजवीकडे तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. ती आठवणीत यायला कधी वेळ लागत नसे. आताही ती आली, कार्डावर वाकलेली, त्याच्याकडे लक्ष नसलेली. या बाजूचा तिचा गाल कोरा होता.

उन्मेषने डोळे घट्ट मिटून घेतले. पुन्हा पाहिले. ती तशीच होती. त्याला स्वतःच्या हातांकडे पाहून ठरवावे लागले, डावा कोणता.

त्याने पेन उचलले आणि कार्डाच्या पाठीवर, आधाराच्या खाली, घाईघाईने एक ओळ लिहिली :

'तीळ डाव्या गालावर होता.'

मग कोपऱ्यात सही केली, कार्ड बाकीच्या कार्डांसारखे उभे करून ठेवले आणि एलच्या पेटीचे झाकण दाबले. ते बसले.